सेट-नेटच्या समाजशास्त्र नोट्स, भाग २ (कार्यवाद): घ्याल तर पान ७० उघडून घ्या

घाईत असाल तर एवढंच वाचा: पाचपैकी अडीच. तक्ते चांगले, भाषा हिंदीची उष्टी, आणि मधली आठ पानं गायब. ती आठ पानं नेमकी कोणती हे कळल्यावर अडीचही जास्त वाटतील, पण ते पुढं येईल.

वस्तू अशी. आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या एका झेरॉक्सवाल्याकडं सेट-नेटच्या (कॉलेजात प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या पात्रता परीक्षांच्या) समाजशास्त्राच्या नोट्स तीन भागांत मिळतात. मी भाग २ घेतला, ‘कार्यवाद व सहमतीचे सिद्धान्त’. कार्यवाद म्हणजे समाजातली प्रत्येक गोष्ट समाज टिकवायचं काही ना काही काम करते, असं मानणारा विचार. पानं १८६, गुलाबी कार्डशीटचं कव्हर, काळं स्पायरल, ३४० रुपये. बोहणीच्या वेळी गेलात तर ३२० ला सोडतो. दर पानावर वर बारीक अक्षरात ‘सर्व हक्क राखीव’ छापलंय. कोणाचे, ते कुठंच नाही. दुकानाचं नाव मी देत नाही. तालुक्यात माणूस आज नाव लिहितो आणि उद्या त्याच दुकानात हॉल तिकिटाची प्रिंट काढायला रांगेत उभा राहतो.

मी कॉलेजात तासिकेवर समाजशास्त्र शिकवतो. हे आठवं वर्ष. सेट दोनदा दिली, एकदा चार मार्कांनी राहिली. दुसरा पेपर शंभर प्रश्नांचा, दोनशे मार्कांचा, निगेटिव्ह मार्किंग नाही. दुर्खीम, पार्सन्स आणि मर्टन या समाजशास्त्रज्ञांना वळसा घालून कोणी पास होईल असं मला वाटत नाही, म्हणून भाग २ आधी घेतला. माझं गाव तालुक्यापासून चौदा किलोमीटर. गावात बाबांचं सलून आहे. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण नोट्सच्या पान ४८ वर आमच्या घराण्याचा उल्लेख आहे. नावानं नाही, जातीनं.

आधी चांगलं ते. पान ३ वरचा कालपट पैसे वसूल करणारा आहे. कोंतपासून सुरुवात, मग स्पेन्सर. स्पेन्सरनं समाजाला शरीर मानलं: अवयव वेगळे, कामं वेगळी, जीव एक. तिथून दुर्खीम. त्याचा प्रश्न असा, की माणसं एकमेकांना चिकटून राहतात ती कशामुळं? सगळे सारखे असले की सारखेपणामुळं, ती यांत्रिक एकता. प्रत्येकाचं काम वेगळं झालं की एकमेकांच्या गरजेमुळं, ती सावयवी एकता. पुढं एक बाण मॅलिनोव्हस्कीकडं आणि एक रॅडक्लिफ-ब्राउनकडं. दोघांची गाजलेली पुस्तकं एकाच वर्षी, १९२२ ला आली, एकाचं ट्रोब्रियंड बेटांवरचं आणि दुसऱ्याचं आपल्या अंदमानवरचं. एक म्हणतो प्रथा माणसाच्या गरजा भागवते, दुसरा म्हणतो प्रथा समाजाची रचना टिकवते. एमएला दोन वर्षं घालवून हा फरक मला एवढा स्वच्छ कोणी दाखवला नव्हता. इथं तो चार ओळींच्या तक्त्यात आहे.

पार्सन्सचा चौकोनही बरा काढलाय. कुठल्याही समाजाला टिकायचं तर चार गोष्टी लागतात: परिस्थितीशी जुळवून घेणं, ध्येय ठरवून गाठणं, सगळ्यांना एकत्र बांधून ठेवणं, आणि ही घडी पुढच्या पिढीत उतरवणं. नोट्सवाल्यानं उदाहरण अमेरिकेतल्या कंपनीचं दिलंय. ते आमच्या पोट्ट्यांच्या काय कामाचं? मी वर्गात फळ्यावर तोच चौकोन काढला आणि गाव भरलं. पहिल्या खान्यात कापूस, सोयाबीन, जिनिंग. दुसऱ्यात ग्रामपंचायत. तिसऱ्यात तंटामुक्ती समिती. चौथ्यात घर, जिल्हा परिषदेची शाळा आणि गुरुदेव सेवा मंडळाची संध्याकाळची प्रार्थना. पाच मिनिटांत वर्गाला पार्सन्स समजला. मग मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. म्हणाली, “सर, तंटामुक्तीच्या अध्यक्षाचाच तंटा असन त?” वर्ग हसला. मीही हसलो, कारण उत्तर नोट्समध्ये नव्हतं. खरं सांगायचं तर पार्सन्सकडंही फारसं नाही.

पार्सन्सच्या भाषेची खोड काढायची तर सी. राइट मिल्सनं १९५९ मध्येच काढून ठेवलीय. पार्सन्सचे लांबलचक उतारे घेऊन, याला एवढंच म्हणायचंय बघा, असं करत त्यानं ते चार-दोन वाक्यांत आणून दाखवले होते. आमच्या नोट्सवाल्यानं उलटा धंदा केलाय. एका वाक्याचा मजकूर पानभर.

आणि ती भाषा! नेटचा पेपर इंग्रजी-हिंदीत, त्यामुळं बाजारातल्या गाइडा हिंदी, आणि त्यांचं मराठी करताना फक्त क्रियापदं बदललीत. पान १२ वर ‘प्रकार्य’, पान ४० वर ‘कार्य’, पान ५५ वर ‘क्रिया’. तिन्ही एकाच ‘फंक्शन’ शब्दाची भाषांतरं. पोरगं बिचारं तीन वेगळ्या गोष्टी समजून तीनदा पाठ करते. त्यात ‘क्रिया’ हा शब्द पार्सन्सच्या १९३७ च्या ग्रंथात वेगळ्याच अर्थानं मध्यवर्ती आहे, म्हणजे गोंधळावर कळस. ‘एकजुटता’ मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. आमच्याकडं एकी म्हणतात, किंवा फार तर एकोपा. दुर्खीमच्या ‘अनॉमी’ या सुप्रसिद्ध शब्दाला, नियमांचा धाक सुटला आणि नवे नियम अजून बसले नाहीत अशा अवस्थेला, एका पानावर ‘आदर्शशून्यता’ आहे, दुसऱ्यावर ‘विसंगती’, तिसऱ्यावर ‘प्रमाणकशून्यता’. निदान तक्त्यात तरी एकच ठेवायचा, भौ.

छपाईच्या चुकांपैकी एकच सांगतो. दुर्खीमचा श्रमविभागणीवरचा ग्रंथ १८९३ चा. इथं छापलंय १९८३. म्हणजे कपिल देवनं वर्ल्ड कप उचलला त्या साली, मरून ६६ वर्षं झालेल्या दुर्खीमनं ग्रंथ लिहिला. वर्गात मी हे सांगितलं तर एका पोरानं खरंच १९८३ खोडून बाजूला ‘वर्ल्ड कप’ लिहून ठेवलं. आता तो ते साल जन्मात विसरणार नाही. फक्त पेपरात कोणतं लिहील याची काळजी आहे.

आता ती आठ पानं.

पान ७० च्या शेवटी ओळ आहे: ‘रॉबर्ट मर्टन (१९१० ते २००३) यांनी प्रकार्यवादाची तीन गृहीतके’. पान उलटा. पुढचं पान ७९, आणि त्याची पहिली ओळ: ‘यावरून समाजात मूलभूत सहमती असते हे सिद्ध होते.’

मी तीनदा मागं-पुढं केलं. मधली पानं बाइंडिंगमध्ये चिकटली असतील म्हणून नखानं सोडवून पाहिलं. नाहीत. नसलेल्या पानांनी वाक्य कसं जोडलं ते पाहा. वाचणाऱ्याला वाटणार, मर्टननं तीन गृहीतकं मांडली आणि त्यावरून सहमती सिद्ध झाली. प्रकार बरोब्बर उलटा आहे. ती गृहीतकं मर्टनची नाहीतच. आधीच्यांनी जी न बोलता धरून चालवली होती ती मर्टननं उजेडात आणली आणि एकेक करून मोडीत काढली. समाजातली प्रत्येक प्रथा पूर्ण समाजाला सारखीच उपयोगी असते, हे पहिलं. जे जे टिकून आहे त्याचा काहीतरी चांगला उपयोग असतोच, हे दुसरं. आणि ते काम करायला तीच प्रथा हवी, दुसरी चालणारच नाही, हे तिसरं. मर्टन म्हणाला, तिन्ही तपासल्याशिवाय मानू नका. एकाच गोष्टीनं एका गटाचं भलं होते आणि दुसऱ्याचं नुकसान. उपयोगी म्हणता, तर कोणाला उपयोगी ते आधी सांगा. एकाच कामाला दुसरा पर्याय असू शकते. आणि लोकांना वाटते तो उपयोग वेगळा, प्रत्यक्षात होते तो वेगळा: होपी लोक पावसासाठी नाचतात, पाऊस त्यानं येत नाही, पण विखुरलेली माणसं एकत्र येतात. हे सगळं १९४९ च्या त्याच्या पुस्तकात आहे, आणि आमच्या भाग २ मध्ये ७१ ते ७८ च्या दरम्यान असायला हवं होतं.

हा नुसता झेरॉक्सचा घोळ म्हणून सोडून दिला असता. पण मी सराव परीक्षेत मुद्दाम प्रश्न टाकला: ही तीन गृहीतकं कोणी मांडली आणि कोणी खोडली? ज्या सहा पोरांकडं या नोट्स होत्या त्यातल्या पाचांनी मर्टनच्या नावापुढं ‘मांडली’ लिहिलं. सहाव्यानं प्रश्नच सोडला होता.

दुकानात गेलो. दुपारची वेळ, मशीन गरम, दुकानभर टोनरचा वास. म्हटलं, भाऊ, ७१ ते ७८ नाहीत. त्यानं ढिगातली दुसरी कॉपी काढली, तिसरी काढली. तिन्हीत नाहीत. मुळातच नव्हती, ज्या कॉपीवरून कॉपी काढली तिच्यातही नसणार. तो म्हणाला, “सर, दोन वर्षं झाले इकून रायलो. आजपर्यंत कोणं काईच म्हटलं नाई. सगळे खूश हाय.”

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते तिथल्या तिथं नाही. चार दिवसांनी, बाबांच्या दुकानात.

रविवार होता. बाबांच्या दुकानात एक खुर्ची, दोन आरसे, आणि एका कोपऱ्यात आबाजीची, म्हणजे माझ्या आजोबांची, धोकटी टांगलेली. वस्तरा, नराणी, पितळी वाटी, सगळं आहे त्यात अजून. आता बाबा ब्लेड बदलायचा वस्तरा वापरतात, पण धोकटी काढू देत नाहीत. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी बाकावर बसून नोट्स वाचत होतो.

“हे कायचं पुस्तक व्हय?”

“समाज कसा टिकते त्याचं हाय, बाबा.”

“मंग, कसा टिकते?”

मी पान ४८ वाचून दाखवलं. जसंच्या तसं देतो: ‘बलुतेदारी व्यवस्थेत प्रत्येक जात आपापले प्रकार्य पार पाडत असल्याने गावात परस्परावलंबन व सलोखा नांदत होता. उदा. न्हावी केस कापत असे व त्या बदल्यात त्यास धान्य मिळत असे. हे सावयवी एकजुटतेचे उत्तम उदाहरण होय.’

बाबांनी हातातला टॉवेल खांद्यावर टाकला. “‘त्यास धान्य मिळत असे’,” ते पुन्हा म्हणाले, शाळेत धडा वाचावा तसं. “कोणं लिवलं हे? खळ्यावर उभा व्हता काय तो?”

मग त्यांनी मला खळं दाखवलं. दाढीची वाटी हातात घेतली आणि तिच्यात पावडर शिगोशीग ओतली, वर टेकडी येईपर्यंत. “सुगीत आबाजी खळ्यावर जाये. बलावणं नसे, आपणच जा लागे. सकाऊन गेलं का सांज होये. सावकाराची पायली आली का अशी मोजत.” टेकडी दाखवली. “अन् आपली आली का...” तळहात आडवा करून त्यांनी वाटीच्या काठावरून फिरवला. पावडर खाली फरशीवर सांडली. वाटी भरलेलीच होती, पण सपाट. “वर्षभराची हजामत, लग्नाचं आवतन गावभर सांगनं, नवरदेवाचं आंग धुनं. त्याची पायली ही.”

“आबाजी काई म्हणत नोते?”

“म्हणून काय करतं? पुढच्या सुगीत बी तेच खळं.”

वहीत हे टिपून घेताना झेरॉक्सवाल्याचं ‘कोणं काईच म्हटलं नाई’ आठवलं. नोट्समधल्या त्या सलोख्याला पुरावा तरी काय होता? आबाजी बोलला नाही हाच ना?

इथं न्यायानं सांगायला पाहिजे, दुर्खीम एवढा भोळा नव्हता. १८९३ च्या त्याच ग्रंथाच्या शेवटच्या भागात त्यानं श्रमविभागणीची बिघडलेली रूपं दिलीत, आणि त्यात एक आहे लादलेली श्रमविभागणी. माणसाच्या अंगी काय आहे हे न पाहता त्याला कामाला जुंपलं, की त्यातून एकी निघत नाही, असं तो स्पष्ट म्हणतो. नोट्सवाल्यानं ग्रंथाचा पहिला भाग घेतला आणि हा सोडून दिला. म्हणजे एकाचं पान झेरॉक्समध्ये गेलं, दुसऱ्याचं हातानं काढलं.

आणखी एक. १९३६ साली वायझर नावाच्या मिशनऱ्यानं उत्तर प्रदेशातल्या एका गावाचा अभ्यास छापला. त्यात जजमानी पद्धत (तिकडची बलुतेदारीच) म्हणजे एकमेकांच्या सेवेची कशी छान वीण आहे, हे दाखवलं. बलुतेदारीबद्दल पाठ्यपुस्तकांत जो गोडवा असतो त्याचं मूळ बरंचसं तिथं सापडते. नोट्समध्ये वायझर आहे, साल बरोबर आहे. त्याच १९३६ साली बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’चं भाषण छापलं, आणि त्यात म्हटलं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीही विभागणी आहे. एकच गोष्ट, एकच साल, दोन वर्णनं. एक माणूस बाहेरून आला होता, दुसरा आतून. १८६ पानांत बाबासाहेबांचं नाव एकदाही नाही. विदर्भात विकायच्या नोट्समध्ये हे कसं जमलं मला कळत नाही. बायडेलमनची १९५९ ची टीका तरी घ्यायची, ज्यात जजमानीचं पिळवणुकीचं अंग उघडं केलंय. तीही नाही.

आणि आपण फक्त पायलीचंच रडत बसलो तर तेही अर्धंच. मी बाबांना विचारलं, आबाजी बौद्धपुऱ्यात जात होता काय हजामतीला? बाबा बराच वेळ बोलले नाहीत. पावडर झाडत राहिले. मग म्हणाले, “नाई. वस्तरा तिकडं जात नोता.” तिकडची माणसं एकमेकांचे केस कापत, नाहीतर तालुक्याला जात. म्हणजे ज्या वस्तऱ्याला खळ्यावर सपाट पायली मिळत होती, तोच वस्तरा दुसऱ्या टोकाला भिंत होता. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला दीक्षा झाली तेव्हा आमच्या गावातूनही लोक गेले होते, आणि परत आल्यावर त्यांनी गावकीची जुनी कामं सोडली. कार्यवादाच्या भाषेत ‘व्यवस्थेचा समतोल बिघडला’. बाबांनी पुढं तालुक्याला खुर्ची लावली. तिथं पुरा कोणता हे कोणी विचारत नव्हतं, पैसे दिले की बसा. काही वर्षांनी तीच खुर्ची गावात आणली आणि तोच नियम ठेवला, तर दोन महिने गावातली चार मोठी घरं दाढीला तालुक्याला जात होती. तिसऱ्या महिन्यात पेट्रोल महाग पडलं असावं. परत आली.

आता वाचणाऱ्याला वाटेल, मी कार्यवाद मोडीत काढून राहिलो. तसं नाही. ‘हे टिकलं तरी कसं’ हा प्रश्न विचारायला मला याच लोकांनी शिकवलं. खळ्यावर अन्याय होता हे सांगायला थिअरी लागत नाही, बाबा पुरेत. पण मग तो इतकी वर्षं चालला कसा, ते समजायला आवतन, नवरदेवाचं अंग धुणं, त्यात मिळणारा तो थोडासा मान, हे सगळं पाहावं लागते. संघर्षवाल्यांच्या भाग ३ मध्ये (तोही घेतलाय, २९० रुपये) मालक आणि मजूर सोडून गावात तिसरं कोणी राहतच नाही.

पोळ्याचं घ्या. नोट्समध्ये सामूहिक भावनेच्या उसळीचं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या टोळ्यांचं आहे, दुर्खीमच्या १९१२ च्या ग्रंथातलं. तो स्वतः ऑस्ट्रेलियाला कधी गेला नव्हता, दुसऱ्यांच्या नोंदी वाचून लिहिलं. आम्हाला तेवढं लांब जायची गरज नाही. तोरणाखाली बैल उभे राहिले, ‘एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव’ झालं, की अंगावर काटा येते, हे मी आजही नाकारत नाही. आणि मग झडत्या, पोळ्याला म्हणायची टोमण्यांची कवनं. वर्षभर ज्याच्यापुढं मान खाली, त्याच्यावर त्या दिवशी भर गर्दीत झडती म्हणून घ्यायची. कापसाच्या भावावर, सरकारवर, सरपंचावर, सगळ्यांवर. मानवशास्त्रज्ञ ग्लकमननं १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अशाच विधींबद्दल लिहिलं, की ठरवून दिलेलं हे बंड व्यवस्थेला मोडत नाही, उलट घट्ट करते. वाफ निघून जाते, भांडं शाबूत. झडत्यांना हे अगदी चपखल बसते. पण तोरणाखाली पहिला बैल कोणाचा, यावर गावागावांत जी डोकी फुटलीत ती कुठल्या खान्यात टाकायची? आणि आमच्या घरी तर बैलच नव्हता. आबाजी त्या दिवशी दुसऱ्यांचे बैल पाहायला जाये. बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मिळे बैलवाल्याला.

पान ९६ वर डेव्हिस आणि मूर आहेत, १९४५ चे. समाजाला जे काम जास्त महत्त्वाचं आणि ज्याला लायक माणूस मिळणं अवघड, त्याला जास्त मोबदला, म्हणून विषमता सगळीकडं असते, असा त्यांचा मुद्दा. ट्युमिननं १९५३ मध्ये विचारलं, महत्त्व मोजणार कशानं? नोट्समध्ये ट्युमिन दीड ओळीत उरकलाय. मला तो २०२० च्या लॉकडाऊनमध्ये समजला. सलून बंद. दोन महिन्यांत अख्खं गाव साधूंचं झालं. ज्यांनी कधी बाबांना नावानं हाक मारली नव्हती ते रात्री मागच्या दारानं येऊन म्हणत, तेवढी दाढी करून द्या राजेहो. महत्त्व एवढं वाढलं आणि कमाई शून्य. बाबांनी कोणाची केली नाही, पोलिसांची भीती होती.

आणि आता पान ११२, ज्यासाठी मी अर्धा स्टार कापला. दुर्खीमच्या १८९७ च्या आत्महत्येवरच्या अभ्यासाचा तक्ता आहे: अहंवादी, परार्थवादी, आदर्शशून्यतेची, दैववादी. तिसऱ्या खान्यात कंसात लिहिलंय, ‘उदा. विदर्भातील शेतकरी’. बस. तीन शब्द. मी यवतमाळ जिल्ह्यात शिकवतो. १९८६ ला साहेबराव करपे या शेतकऱ्यानं सहकुटुंब आत्महत्या केली, तो ज्या चिलगव्हाणचा, ते गाव याच जिल्ह्यात आहे, आणि दर १९ मार्चला त्या आठवणीत लोक उपाशी राहतात. माझ्या वर्गात अशी पोरं बसतात ज्यांना हा कंस घरचा वाटते. तो फळ्यावर कसा लिहू? बरं, खानासुद्धा घाईनं निवडलाय. दुर्खीमचा तिसरा प्रकार अचानक पडझड किंवा अचानक भरभराट होऊन जुने नियम सुटतात तेव्हाचा. इथं अचानक काय आहे? दरवर्षी तेच कर्ज, तोच भाव, तीच बोंडअळी. सगळ्या बाजूंनी आवळलेल्या, पुढचा रस्ता बंद झालेल्या माणसाचा प्रकार त्यानं चौथा म्हणून दिलाय, तोही फक्त तळटीपेत. मी त्या तासाला पुस्तक बंद करून ही तळटीप सांगितली. कोणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही.

समाजानं ठरवलेलं ध्येय आणि त्याचा रीतसर मार्ग यांच्याशी माणूस कसा वागतो, त्याचे मर्टनचे पाच प्रकार मात्र नोट्समध्ये शाबूत आहेत, १९३८ च्या लेखातले, आणि त्यांची मजा आमच्या अभ्यासिकेत घ्या. ध्येय सगळ्यांचं एक: कायमची नोकरी. रीतसर मार्गानं घासणारा तो पहिला. शेत विकून ‘दुसरा मार्ग’ शोधणारा दुसरा. नोकरी मिळणार नाही हे माहीत असून दर वर्षी फॉर्म भरणारा तिसरा, याला नोट्समध्ये ‘कर्मकांडी’ म्हटलंय. सगळं सोडून दिवसभर पारावर बसणारा चौथा. मोर्चात जाणारा पाचवा. आमच्या टेबलावरच्या पोरांनी एकमेकांना नंबर वाटून घेतले. मला एकमतानं तीन नंबर मिळाला. याला मात्र सहमती म्हणावं लागेल.

घ्याव्या का? घ्या, तक्त्यांसाठी. शेवटचे दोनशे सराव प्रश्नही चांगले आहेत, उत्तरं मात्र १७, ६३ आणि १४२ ची चुकलेली आहेत, तपासून घ्या. सोबत मर्टन कुठून तरी मूळचा वाचा, लायब्ररीत मिळाला तर. नोट्स हाताशी असल्या की पुस्तक उघडायचा कंटाळा येते, हे मी माझ्यावरून सांगतो.

गायब पानांचं पुढं असं झालं. अमरावतीच्या एका मित्राकडं याच नोट्सची जुनी, पूर्ण कॉपी निघाली. त्यानं आठ पानांचे फोटो पाठवले, मी त्यांची स्वच्छ प्रिंट काढून दुकानात नेऊन दिली. प्रिंटचे १६ रुपये त्यानं माझ्याकडूनच घेतले. म्हटलं, आता ही टाका मधात. तो म्हणाला, “टाकू ना सर. पन जुन्या तीस कॉप्या बांधून ठेवल्या हाय, त्या पयले निघू द्या.” मी गेल्या सोमवारी बाजारच्या दिवशी पुन्हा गेलो होतो. बावीस उरल्या होत्या.